आडवा बोअर

११ एप्रिल २०२४

मालन,

आशीर्वाद लिहून कागद वाया घालवत नाही. आमच्या घरचं काहीच तुला चालत नाही, हे तू तीन वर्षांपूर्वी नदीकाठी उभी राहून दोन्ही गावांना ऐकवलंस. म्हणून कामाचं तेवढं आधी लिहिते, पुढचं वाच नाहीतर चुलीत घाल. तुझ्या विहिरीचं पाणी तृप्तीला पाजू नकोस. तू पिऊ नकोस, तुझ्या मालकांना, कचरूभाऊंना देऊ नकोस.

हे सांगायला मी परवा स्वतः आले होते. तापलेली वाळू तुडवत आले. तू खिडकीतून पाहिलंस आणि दार लावलंस. सख्ख्या बहिणीच्या तोंडावर दार लावायला किती जोर लागतो गं? फोन तर तू माझा कधीचाच ब्लॉक केला आहेस. आता हे पत्र सवाऱ्या नेणाऱ्या भुजंगच्या जीपमध्ये देते. मधे एक कोरडी पूर्णा, तुझ्या चुलीचा धूर मला अंगणातून दिसतो, आणि माझं पत्र मात्र जाफराबादच्या पुलाला वळसा घालून येणार. हसावं की रडावं ते कळत नाही.

झालं असं की वरच्या वळणावर, जिथे वाळूवाल्यांनी पार खडकापर्यंत वाळू उपसून खड्डे पाडलेत, तिथे कुठलातरी टँकर काहीतरी ओतून जातो. नंबरप्लेटला चिखल फासलेला असतो म्हणतात. आमच्या पारावरची शहाणी माणसं म्हणतात, ओतू द्या की, नदी कोरडीच आहे, कुणाचं काय जातंय? पण आपलं माहेरही नदीकाठचंच ना? उन्हाळ्यात वाळूत झिरा उकरून आपणच घागरी भरल्या आहेत. नदी वरून कोरडी असते. खालून ती चालतच असते.

तातेरावच्या शेळ्या गेल्या आठवड्यात तशाच एका झिऱ्यावर प्यायल्या आणि तोंडाला फेस येऊन तिथेच आडव्या झाल्या. आमच्या विहिरीच्या पाण्यालाही आता वास येतो, बॅटरीच्या दुकानात येतो तसा. वर पिवळट तवंग धरतो. आम्ही पिणं बंद केलं आहे. आमची मोटर जळालीय, त्यामुळे उपसाही बंदच आहे.

तृप्ती सातव्यात बाळंतपणाला आली हे मला भुजंगकडून कळलं. मावशीकडे आली की ती पोरगी आधी माठाकडे धावायची. तिला पाणी फार लागतं, म्हणूनच मला भीती वाटते.

द्वारका

१७ एप्रिल

मालन,

तुझा निरोप भुजंगने जसाच्या तसा दिला. त्याला म्हटलं, थोडं गाळून सांगितलं असतंस तरी चाललं असतं. तर म्हणतो, "मालनबाई म्हणल्या, एक बी शब्द कमी करू नको. आधी पाणी चोरलं आन आता पिऊ नको म्हणून सांगून राह्यली. मी मोटर बंद केली की हिची विहीर भरती. मला काय समजत न्हाई का?"

तुझ्या जागी मी असते तरी हेच म्हटलं असतं. तीन वर्षांपूर्वी यांनी विहिरीत मशीन उतरवलं आणि तळातून नदीच्या दिशेने आडवा बोअर मारला. बोअरच्या तोंडातून वाळूचं पाणी भसाभसा विहिरीत पडायला लागलं तेव्हा गुलाल उधळायचाच बाकी होता. त्याच उन्हाळ्यात तुझ्या विहिरीचा तळ दिसला. तू पंचायत बसवलीस. यांनी शपथेवर सांगितलं की बोअर आपल्याच काठापर्यंत आहे. तो कुठपर्यंत गेला ते मशीनवाल्याला ठाऊक आणि यांना ठाऊक. मी त्या दिवशी पदर तोंडाला लावून गप्प बसले होते, तू पाहिलंच आहेस. त्या भांडणाचं काय करायचं ते आपण म्हातारपणी बसून ठरवू. आता वेळ नाही.

कारण भुजंगने आणखी एक सांगितलं. "तृप्तीताईला लई उलट्या होऊन राह्यल्या. काल जाफराबादला दवाखान्यात नेल्तं, सलाइन लावलं."

सातव्या महिन्यात अशा उलट्या होत नसतात, मालन. अंगणवाडीत जन्म घालवला मी. पोटुशी बाई दारातून आत आली की तिच्या चालीवरून मला महिना कळायचा. उलट्या तिसऱ्यात, फार तर चौथ्यात. डॉक्टरने उन्हाचं कारण सांगितलं असेल, आणि देव करो ते खरं असो. पण काल दुपारी मी काठावर उभी होते आणि तुझ्या हौदावर अख्खी वस्ती हंडे भरत होती. लेकरं ओंजळीने पीत होती. मी इकडून ओरडले. एका बाईने हात हलवला, बहुतेक तिला वाटलं मी ख्यालीखुशाली विचारतेय.

उद्या तहसीलमध्ये जाते. पाण्याची बाटली बरोबर घेते. वास घेतल्यावर तरी कुणीतरी खुर्चीतून उठेल.

द्वारका

२२ एप्रिल

मालन,

हे पत्र लिहून फाडलं, पुन्हा लिहिलं. आता जसं येईल तसं पाठवते.

आमची मोटर जळालेली नव्हती.

पाण्याला वास यायला लागला त्या दिवशी यांनीच ती बंद केली. मला म्हणाले, "आपण ओढलं तर ते समदं आपल्या मोसंबीला यील. गप बसून राह्यलो तर जाईल तिकडं." मी विचारलं, तिकडं म्हणजे कुठं?  त्यांनी नदीपलीकडे पाहिलं आणि गोठ्यात निघून गेले. मला समजलं. न समजायला मी काय लहान आहे? आणि समजूनही मी पहिल्याच पत्रात तुला लिहिलं की मोटर जळालीय. एका हाताने तुला सावध करत होते आणि दुसऱ्या हाताने ते विष तुझ्याकडे जाऊ देत होते. माझी मला किळस येते.

हे उघडं कसं पडलं तेही ऐक, तुला तेवढंच समाधान. तहसीलमधून निरोप गेला आणि परवा भूजलवाल्यांचा एक तरुण अधिकारी आला. निखिल नाव. तुझ्याकडेही आला होता, पण कचरूभाऊंनी त्याला 'अक्कानं पाठवलेला माणूस' म्हणून काठी दाखवली. आमच्या विहिरीत त्याने फीत सोडली, पाणी किती खाली आहे ते पाहिलं आणि विचारलं, मोटर का बंद? हे म्हणाले, "जळून गेली साहेब, वाइंडिंगच गेलं." पोराने सहज हात लांबवला आणि स्टार्टरचं हिरवं बटण दाबलं. जळालेली मोटर लगेच बोलायला लागली. यांचा चेहरा असा झाला की एरवी मी आठवडाभर हसले असते.

मग निखिलने मला सगळं नीट समजावलं. मी तुला माझ्या भाषेत सांगते. वाळूखालचं पाणी म्हणजे ताटातलं वरण. ताट जिकडे कलतं तिकडे वरण पळतं. आपल्या दोन विहिरी म्हणजे त्याच ताटाच्या दोन कडा. पावसाळ्यात नदी भरून वाहते तेव्हा ती दोघींनाही वाढते. उन्हाळ्यात तिच्याकडे काही उरत नाही, तेव्हा जी मोटर जोरात ओढते तिच्याकडे ताट कलतं. इतकी वर्षं ते आमच्याकडे कललं होतं, म्हणून तुझी विहीर आटली. आमची मोटर थांबली तशी तुझ्या मोटरने ते तुझ्याकडे कलवलं. त्यात आता जे ओतलंय तेही तुझ्याकडे येतंय.

मी त्याला विचारलं, बाबा, मग आमची सुरू ठेवली तर? तो म्हणाला, "तर ते तुमच्याकडे येईल, मावशी. पण पलीकडची बंद पाहिजे."

परवापासून आमची मोटर सुरू आहे. पाणी झाडांना देत नाही. त्या कोरड्या पडलेल्या शेततळ्यात सोडतोय, प्लॅस्टिक अंथरलेलं आहे त्याला, खाली झिरपणार नाही. आता तू तुझी बंद कर. मला कळतं की चोराने मागावं तेच मी मागतेय. आमची चालू आणि तुझी बंद, हेच आम्हाला तेव्हाही हवं होतं. शिव्या घाल, पण बंद कर.

द्वारका

३० एप्रिल

मालन,

तुझी मोटर अजून चालू आहे. सकाळी वारा पडलेला असला की घरघर थेट आमच्या ओसरीत ऐकू येते. पूर्वी ती ऐकून मला राग यायचा. आता ती थांबते का म्हणून कान देऊन बसते.

चतुर्थीला राजूरला गेले होते. गणपतीला तृप्तीचं नाव घेऊन नारळ फोडला. परत आले, जीपमधून उतरले तर आमच्याकडे सगळं चिडीचूप आणि तुझी घरघर लख्ख ऐकू येतेय. यांनी मोटर बंद केली होती. मी मळ्यापर्यंत पळाले. या वयात पळाले, हसू नकोस. हे मोसंबीच्या बुंध्याशी बसलेले होते.

"बाग मरून राह्यली, द्वारका," म्हणाले. "समोरून पाणी वाहून चाल्लं आन झाडाला घोट न्हाई. लेकरावानी वाढवली मी ही."

मी म्हटलं, "लेकरू तिकडं हाय. तिच्या पोटात आनखी एक हाय. हे झाड हाय."

ते म्हणाले, "तुही बहीण आपल्या दारात थुकत बी न्हाई. आन तिच्यासाठी मी बाग जाळू?"

मी मोटरच्या पेटीकडे गेले. मोटर सुरू केली, ऑटोवर टाकली, म्हणजे लाइट आली की ती आपोआप चालू होते. पेटीला कुलूप घातलं आणि किल्ली पदराच्या गाठीत बांधली. तेव्हापासून आमच्या घरात मी एकटी बोलते.

माझ्या शब्दांवर विश्वास ठेवू नकोस. गच्चीवर चढ आणि आमच्या बागेकडे बघ. पानं गोळा झालीत, फळं हिरवीच गळतायत. मोटर दिवसरात्र चालू आणि झाडं वाळतायत. पाणी चोरणाऱ्याची बाग अशी असते का, मालन?

द्वारका

१४ मे

मालन,

काल सकाळी तुझी मोटर वाजली नाही. मला वाटलं तुमच्याकडे लाइट नसेल. पण दोन्ही काठांना लाइटचा फीडर एकच, आणि आमच्याकडे तर होती. दुपारी वाजली नाही. संध्याकाळीही नाही. मी ओसरीत बसून एखाद्या बाळाची झोप ऐकावी तशी तुझी शांतता ऐकत होते. आज भुजंग म्हणाला, वस्तीवर सरकारी टँकर सुरू झाला आणि पहिला ड्रम तू भरून घेतलास. तृप्तीच्या उलट्या थांबल्यात असंही म्हणाला. ते ऐकून मी त्याला बळेच जेवायला बसवलं.

तू मला काही कळवलं नाहीस. नको कळवू. बंद केलीस ना, पुरे.

पण माझी भीती गेलेली नाही. ती आता दुसरीकडून येतेय. निखिल परत आला होता. पाण्याचा अहवाल आलाय. त्याने धातूंची नावं सांगितली, ती काही माझ्या डोक्यात राहिली नाहीत. एवढं राहिलं की भांडीसुद्धा त्या पाण्याने घासायची नाहीत. मी विचारलं, अशी किती दिवस आमची मोटर चालवायची? 

"नदी येईपर्यंतच तिचा उपयोग, मावशी," म्हणाला. "नदी आली की वरून दाब येतो. ती दोन्ही काठांत पाणी ढकलते. तेव्हा तुमची मोटर किती ओढणार?"

"मग ते धुऊन जाईल ना?"

"हळूहळू जाईल. पण खड्ड्यांत जे साचलंय ते पहिल्या पाण्याबरोबर हलणार. ते कुणाच्या विहिरीत किती शिरेल, हे मी सांगू शकत नाही."

त्याच्या तोंडून 'सांगू शकत नाही' मी पहिल्यांदाच ऐकलं. इतके दिवस निदान ताट कुणीकडे कलतंय ते कळत होतं. आता ते काठोकाठ भरणार, आणि त्यात काय असेल ते कुणालाच माहीत नाही.

म्हणून सांगते, तृप्तीला जुन्या जालन्याला तिच्या सासरी पाठव. नळाचं पाणी आहे, मोठे दवाखाने आहेत. मला माहीत आहे तू काय म्हणशील. पहिलं बाळंतपण माहेरीच. ओटी भरून आणलेली पोर परत पाठवली तर वस्ती काय म्हणेल, विहीणबाई काय म्हणतील. दिवस भरत आलेल्या पोरीला जीपमध्ये घालणारी आई म्हणून तुला नावं ठेवतील. ठेवू देत. टँकरचं पाणी आहे म्हणशील, तर पहिल्या पुरात तुमच्या वस्तीचा रस्ता तुटतो हे तू विसरलीस का? टँकर यायचा नाही आणि लोक परत विहिरीकडे जातील. त्या गर्दीत तहानलेली तृप्ती असेल.

आपण दोघी जन्मभर या नदीची वाट पाहत आलो. तिचं पहिलं पाणी आलं की आई खण-नारळ घेऊन काठावर जायची. आणि काल मी देवापुढे बसून म्हटलं, यंदा तिला उशिरा पाठव. इकडे बियाणं घेऊन गाव आभाळाकडे बघतंय आणि मी हे मागतेय. कुणी ऐकलं तर मला गावाबाहेर काढतील.

द्वारका

९ जून

मालन,

तृप्ती गेली. मी पाहिलं.

सकाळी भुजंगची जीप तुझ्या दारात थांबलेली दिसली तशी मी काठावर जाऊन उभी राहिले. दोघी जणींनी धरून तिला बाहेर आणलं. पोट केवढं दिसत होतं गं, इतक्या लांबूनसुद्धा. तू पाठीमागे उशी लावलीस, पाय वर घ्यायला लावलेस, मग स्वतःही आत बसलीस आणि परत उतरलीस. बहुधा कचरूभाऊंच्या जेवणाची आठवण झाली असेल, तू तशीच. वस्तीतल्या बायका दारात उभ्या होत्या. त्या काय बोलत असतील ते मला कळत होतं, आणि त्यांच्यामधून तू कशी आत गेलीस तेही मी पाहिलं. एकदाही नदीकडे बघितलं नाहीस. जीप पुलाच्या रस्त्याला लागेपर्यंत मी तिथेच होते. पाय दुखायला लागले तेव्हा कळलं की चप्पल घालायचीच राहिली होती.

तिसऱ्या प्रहरी भुजंग आमच्याकडे आला. जालन्याला सुखरूप पोचवून आला होता. मी विचारायच्या आत म्हणाला, "द्वारकाबाई, मालनबाईनं निरोप देल्ला तुमाला."

मी म्हटलं, दे बाबा, गाळू नकोस. काय शिव्या घातल्या?

"शिव्या न्हाई. म्हणल्या, अक्काला सांग, मोटर बंद नको करू."

"आणिक?"

"आनखी काय न्हाई. मंग दार लावून घेतलं."

मी त्याला तेच पुन्हा म्हणायला लावलं. तीन वर्षं तू ती मोटर बंद व्हावी म्हणून देव पाण्यात घातलेस. पंचायत बसवलीस, तलाठ्याला आणलंस, बहीण सोडलीस. मी पेटीपाशी जाऊन बसले आणि रडले. हे आले, बघून गेले. थोड्या वेळाने परत आले, माझ्याशेजारी टेकले आणि म्हणाले, "रडू नको. चालूच हाय ना ती?" दीड महिन्यात पहिल्यांदा बोलले. बाग जवळजवळ गेली आहे. तिच्याकडे पाठ करून बसले होते.

मालन, वर अजिंठ्याच्या डोंगरावर दुपारपासून काळं झालंय. तिकडे पडला की आपल्याकडे एक थेंब नसताना नदी येते, हे तुला मी काय सांगणार. पारावर पोरं ओरडतायत, आली, आज येणार. तू हौदावर झाकण टाकलंस का? वस्तीतल्या पोरांना विहिरीकडे जाऊ देऊ नकोस. ड्रम भरून ठेव, उद्या टँकर येईल न येईल.

हे लिहितानाच लाइट गेली. मोटर थांबली. तू ऐकलंच असशील, तिकडे कान लावून बसली असशील. मी बंद केलेली नाही. लाइट आली की ती आपोआप सुरू होईल, मी पेटीपाशीच आहे आणि इथून उठणार नाही. तोपर्यंत भ्यायचं काम माझ्याकडे दे. तू तृप्तीला फोन लाव.

तुझी अक्का